चौदा मुली आणि एक भजं

माझा आवाज कसा होता ते आधी सांगतो. मी कोल्हापुरात नुसता खाकरलो तरी कागलातल्या म्हशी पान्हा सोडायच्या. हे मी म्हणत नाही, कागलच्या म्हशी म्हणतात. तीस वर्षं माझा धंदा एकच. रिक्षाला दोन भोंगे बांधायचे आणि गावोगाव पुकारत हिंडायचं. साड्यांचा सेल, सर्कस, पोलिओचा डोस, उद्या पाणी येणार नाही, सगळं मीच सांगितलं. हातकणंगल्यात एकदा सेलचा असा पुकारा केला की दुकानातला माल संपला, गिऱ्हाईक संपेना, शेवटी दुकानदारानं अंगातला शर्ट विकला. लोक मला पांडबा भोंगा म्हणतात. रिक्षा दस्तगीरची, तोंड माझं.

तर हे तोंड सहा आठवडे तारेनं बांधून ठेवलं होतं. ज्यांच्या घरात कुणी असं अचानक खाटेला खिळलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं मला ठाऊक नाहीत. बाकीचं सगळं ठाऊक आहे.

खरं काय झालं

खरं आधी सांगून टाकतो, कारण पुढं खोटं फार येणार आहे.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रक्तदान शिबिराचा पुकारा करून आम्ही परत येत होतो. संध्याकाळचे साडेपाच. हायवेच्या बाजूच्या रस्त्याला भज्याचा एक गाडा लागला. गाड्यावरच्या मावशींचं तोंड कढईकडं. दस्तगीर रिक्षाच्या पाठीमागं भोंग्याची वायर जोडत बसला होता. मी कडेला उभा राहून मिरचीची भजी खात होतो. एक भजं कागदातनं घरंगळलं आणि मातीत पडलं.

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणी बघत नव्हतं. वाकलो, भजं उचललं, माती जावी म्हणून त्यावर फुंकर मारली.

तेवढंच आठवतंय. कुशीवर मोटारसायकल येऊन आदळली आणि माझी हनुवटी गटारीच्या दगडावर. गाडीवर ऋतुराज नावाचा वीस वर्षांचा पोरगा. मित्राच्या वाढदिवसाला दुपारपासून पीत होता, रक्ताच्या तपासणीतही दारू निघाली. गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर. वडील माने सर, हायस्कूलला शिक्षक.

तार

डॉक्टर अगदी तरुण होते. फोटो उजेडाला धरून म्हणाले, "काका, जबडा दोन ठिकाणी मोडलाय. वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधायचे. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही."

बायकोनं विचारलं, "आन् बोलनं?"

"तेही नाही."

सुमनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं, त्याला मी दुःख म्हणणार नाही.

पण ते सुख तिला पाच मिनिटं लाभलं. सिस्टर आल्या आणि तिच्या हातात तार कापायचं एक छोटं कटर ठेवलं. म्हणाल्या, "ताई, यांना उलटी झाली तर बाहेर यायला जागा नाही. गुदमरतील. आमची वाट बघत बसायचं नाही. ही तार इथं कापायची, ही इथं. दाखवा बघू करून."

सुमननं कटर दोनदा चुकीच्या जागी लावलं, तिसऱ्यांदा बरोबर. लग्नात माझ्या गळ्यात हार घालताना चुकला नव्हता तो हात. तिनं कटरला काळा दोरा ओवला आणि मंगळसूत्राशेजारी गळ्यात अडकवलं. आंघोळीलासुद्धा काढलं नाही. मला नुसती उचकी लागली तरी ती कटर धरून अंगावर यायची. सहा आठवडे माझा जीव तिच्या गळ्यात लटकत होता.

इथं गंमत बाजूला ठेवतो. मी भ्यालो होतो. खोकला आला तर काय, मळमळलं तर काय. आणि त्याहून मोठी भीती: तार निघाल्यावर आवाज आलाच नाही तर? भोंगा रिक्षावर राहील आणि पांडबा जाईल. तोंड बंद असलं की रडणंसुद्धा नाकातनंच करावं लागतं. ते किती वाईट दिसतं हे समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारा. त्यानं खाट बदलून मागितली.

पण उपकार किती झाले! दस्तगीरच्या घरनं रोज पांढरा रस्सा यायचा, तीनदा गाळलेला. स्ट्रॉनं रस्सा पिणारा कोल्हापूर जिल्ह्यातला मी पहिला माणूस. सुमन नृसिंहवाडीला नवस बोलायला गेली ती येताना डबाभर बासुंदी घेऊन आली, आणि दोन स्ट्रॉ एकात एक घालून मी ती चार दिवस ओढली. सिस्टरनी आपल्या मुलीची पाटी आणून दिली. पाटीवर मी पहिला शब्द लिहिला, "तिखट?" त्या म्हणाल्या, "नाही." दुसरा शब्द मी लिहिला तो त्यांनी लगेच पुसला.

कसं झालं?

आपल्याकडं दवाखान्यात आलेला माणूस पहिलं काय विचारतो? "कसं झालं?" आणि आजाऱ्यानं सांगायचं असतं, पहिल्यापासून, प्रत्येकाला. नाही सांगितलं तर माणसं रागावतात. एवढं शहाळं घेऊन आलो आणि सांगितलंसुद्धा नाही!

माझं तोंड बांधलेलं. पहिल्या दिवशी गल्लीतली माणसं आली, विचारलं, "कसं झालं वो?" मी छताकडं बघायला लागलो. दस्तगीर उशाशी होता. बावीस वर्षं माझ्या शेजारी बसून त्यानं पुकारा ऐकलाय. माझा केविलवाणा चेहरा त्याला बघवेना.

"कसं म्हंजे?" तो म्हणाला. "गाडी अशी वाकडीतिकडी येत हुती. फुडनं शाळेच्या पोरी चाललेल्या. चार होत्या. पांडबा गेला की मधी! हात पसरून हुबा ऱ्हायला!"

एक म्हातारी माझ्या पाया पडली.

आता तुम्हीच सांगा, एका बाजूला चार पोरी, एका बाजूला मातीतलं भजं. मी मान हलवली.

मग काय विचारता! चौथ्या दिवशी पोरी आठ झाल्या. दस्तगीर अडखळला की मी खाटेवरनं हातानं खुणा करायचो, वाढव, वाढव. आठवडाभरात मी गाडीचं हँडल शिंगं धरल्यासारखं धरलं होतं आणि पोरी बारा. तालमीतल्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. माझा वीस वर्षांपूर्वीचा फोटो, मागनं सूर्य उगवतोय, खाली 'लेकींचा तारणहार'. सुमननं तो फ्लेक्स बघितला, घरी जाऊन माझी इस्त्रीची कापडं आणली आणि पहिल्यांदाच मला 'आवो'च्या ऐवजी 'आवो साहेब' म्हणाली. वाडीला दत्तापुढं तिनं हीच गोष्ट सांगितली होती. म्हणजे देवापर्यंत पोचलं होतं.

शहाळंवाले पावणं

अकराव्या दिवशी एक गृहस्थ आले. शर्ट खोचलेला, हातात शहाळं, शहाळ्यात स्ट्रॉ आधीच घातलेली. सुमननं खुर्ची दिली. "या पावणं, बसा."

ते बसले. सुमनला वाटलं, दस्तगीरच्या ओळखीचे. दस्तगीरला वाटलं, वहिनींच्या माहेरचे. मला वाटलं, माणूस मोठा रसिक आहे. कारण ते प्रत्येक वाक्याला "अच्छा, मग?" म्हणायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. आपल्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हटलं की पुढं तो कोण हे विचारायची सोय राहत नाही. पाव्हण्याला नाव विचारणं बरं दिसत नाही. आम्ही त्यांना दोनदा चहा पाजला.

"किती मुली होत्या?" त्यांनी विचारलं.

"बारा," दस्तगीर म्हणाला.

मला राहवेना. मी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि त्यांच्या वहीत माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'बारा नव्हे, चौदा मुली. मी स्वतः होऊन रस्त्याच्या मध्ये उभा राहिलो.' खाली सही ठोकली, झोकदार.

पावणं उठले, हात जोडले, "लवकर बरे व्हा," म्हणाले आणि गेले. भला माणूस.

पहिला शब्द

सहा आठवड्यांनी तार काढली. डॉक्टर म्हणाले, "बोला काहीतरी." मी महिनाभर मनात भाषण तयार केलं होतं. तोंड उघडलं ते बोटभर, आणि आवाज आला पिपाणीसारखा.

"सुमे," मी म्हटलं.

तिनं तोंडाला पदर लावला. "परत म्हना."

"सुमे."

दवाखान्याचा सगळा हिशेब, सगळी भीती तिथं संपली असं मला वाटलं. आवाज पुढं हळूहळू आला. आधी पिपाणी, मग सनई, आता पूर्वीच्या निम्मा आहे. म्हणजे कागलपर्यंत जात नाही, गोकुळ शिरगावला थांबतो. कटर मात्र सुमननं परत केलं नाही. ते तिनं पर्समध्ये ठेवलं. मी बोलता बोलता जरा फुगवायला लागलो की पर्समधनं आवाज येतो: कट्ट.

कागद

मग वकीलबाईंचं बोलावणं आलं. मोटार अपघात न्यायाधिकरणात आमचा दावा त्यांनी घातला होता. त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. माझं मोत्यासारखं अक्षर. झोकदार सही.

"काका, हे तुमचं?"

"माझंच की. ते पावणं..."

"ते विमा कंपनीचे तपासनीस होते."

खुर्चीखाली जमीन आहे का ते मी पायानं चाचपून बघितलं.

वकीलबाईंनी समजावलं. "सरळ केस होती. पोरानं पिऊन गाडी घातली, चूक त्याची. गाडी वडिलांची, म्हणून जबाबदारी त्यांच्यावरही. कंपनी तुम्हाला आधी देणार आणि मालकाकडनं वसूल करायचं ते ती बघणार. आता कंपनी म्हणते, तुम्ही आपण होऊन चालत्या गाडीपुढं आलात. माने सरांच्या वकिलानंही तेच उचललंय. म्हणजे निम्मा दोष तुमचा."

"पन म्या चौदा पोरी..."

"कुठल्या पोरी, काका? एकीचं नाव सांगा. साक्षीला बोलावू."

सुमन माझ्याकडं बघत होती. दस्तगीर पायातल्या चपलेकडं. शेवटी मी सांगितलं. पोरी नव्हत्या. भजं होतं.

सुमन घरापर्यंत माझ्यापुढं दहा पावलं चालली. दारात म्हणाली, "म्या देवाला सांगून आले. दत्ताला! तुमच्या पायी म्या देवाफुडं खोटं बोलले!" आणि आत जाऊन भांडी अशी घासली की कल्हई उडाली. तीन दिवस तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. तार दातांना होती तेव्हा बरं होतं, असं वाटायला लागलं.

माझ्यापुढं दोनच वाटा. पोरी ठेवल्या तर फ्लेक्स राहतो, पण दारू पिऊन गाडी घालणाऱ्याचा निम्मा दोष जन्मभर माझ्या अंगावर. दारू त्यानं प्यायची, जबडा माझा मोडायचा, आणि कोर्टाच्या कागदावर लिहिलं जाणार की दोघं सारखेच. पोरी सोडल्या तर गावासमोर उभं राहून सांगायचं की मी मातीतलं भजं खायला वाकलो होतो.

चौथ्या दिवशी सुमननं पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाली, "भजं तर भजं. पन निम्मं कशाला घ्यायचं? आपलं न्हाय ते घ्यायचं न्हाय."

साक्ष

कोर्टात तालमीतली पोरं हार घेऊन आली होती. मी पिंजऱ्यात उभा. कंपनीच्या वकिलांनी कागद दाखवला.

"अक्षर तुमचं?"

"होय."

"किती मुली होत्या?"

"एकपण नव्हती."

हारवाली पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"मग तुम्ही काय करत होतात?"

"कडेला वाकलो होतो. भजं उचलत होतो."

"पडलेलं?"

"पडलेलं."

"कशासाठी?"

"खायला."

सगळं कोर्ट हसलं. शिपाई हसला. न्यायाधीश साहेबांनी तोंडावर फाइल धरली. वकील म्हणाले, "साहेब, यांचा धंदाच पुकाऱ्याचा आहे. दवाखान्यात चौदा मुली, आज भजं. यांच्यावर विश्वास ठेवायचा कसा?"

आणि मला वाटलं, बरोबर बोलतोय की माणूस. तीस वर्षांत मी कसलाही माल खपवला. फाटकी साडी जरीची म्हणून खपवली. आयुष्यात पहिल्यांदा खरं घेऊन बाजारात आलो तर गिऱ्हाईक नाही.

पुढच्या तारखेला कंपनीनं ऋतुराजला साक्षीला बोलावलं. दुसऱ्या कुणी बघितलंच नव्हतं. त्याला मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मिसरूड, काटकुळा, कॉलर दोनदा नीट केलेली. माझ्या डोळ्यांपुढं कित्येक महिने जो राक्षस होता, तो हा नव्हता. माने सर बाकावर बसले होते, मांडीवर हात ठेवून.

"अपघाताच्या वेळी हे गृहस्थ रस्त्याच्या मध्ये उभे होते. बरोबर?"

पोरानं तिसऱ्यांदा कॉलर नीट केली.

"तुमच्या लेखी म्हणण्यात तसं आहे."

"ते आमच्या वकिलांनी लिहिलंय."

"म्हणजे?"

साहेबांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "जे बोलशील त्याचा परिणाम तुझ्या दुसऱ्या केसवर होऊ शकतो. समजून बोल." पोलिसांची फौजदारी केस त्याच्यावर चालू होतीच.

"माहीत आहे, साहेब," तो म्हणाला. "ते मध्ये नव्हते. कडेला होते, वाकलेले."

वकील चिडले. "तू प्यायलेला होतास. तुला काय दिसणार?"

"दिसलं. ब्रेक मारायचं डोक्यात आलं. हात चालला नाही."

"काय दिसलं? सांग ना!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "यांच्या हातात मिरचीचं भजं होतं. यांनी त्यावर फुंकर मारली."

कोर्टात कुणी हसलं नाही.

फुंकर मी कुणालाच सांगितली नव्हती. वकीलबाईंना नाही, दस्तगीरला नाही, सुमनलाही नाही. भजं उचललं एवढं कबूल केलं होतं. फुंकर मारली हे सांगायला मला अजून लाज वाटत होती. आणि ते एका पोरानं, ज्याला माझ्या खोट्यानं निम्मा सोडवला असता त्यानं, स्वतःच्या अंगावर घेऊन भर कोर्टात सांगितलं. वकीलबाई खाली बघून भराभर लिहीत होत्या.

बाहेर व्हरांड्यात माने सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तो गाडी न्यायला घरी आला तेव्हा किल्ली मी दिली होती," ते म्हणाले. "त्याच्या तोंडाला वास आला होता मला. म्हटलं, आता अडवलं तर घर डोक्यावर घेईल. म्हणून दिली."

"सर, हे मला सांगू नका," मी म्हटलं. "आत सांगा."

पुढच्या तारखेला त्यांनी आत सांगितलं. निकालात माझा दोष शून्य आला. शून्य! एवढा मोठा आकडा मी जन्मात पुकारला नव्हता. कंपनीनं द्यायचं आणि माने सरांकडनं घ्यायचं, असं ठरलं. ऋतुराजची केस चालू आहे. दारू सोडली म्हणतो. त्याचा पुकारा मी इतक्यात करणार नाही, आधी बघू.

फ्लेक्स तालमीतल्या पोरांनी उतरवला. हार मात्र वाया घालवला नाही, तो त्यांनी दस्तगीरच्या रिक्षाला घातला. दस्तगीर अजून भज्याचा विषय निघाला की म्हणतो, "पांडबा, म्या चारच म्हनलं हुतं. चौदा तुझ्या!" सुमन परत वाडीला जाऊन आली. देवाला काय सांगितलं विचारलं तर म्हणाली, "खरं सांगितलं. देव हसला."

तुमच्या घरात कुणी असं पडलं असेल तर दोन गोष्टी माझ्या ऐका. एक म्हणजे रस्सा तीनदा गाळा. दुसरी, कसं झालं असं कुणी विचारलं तर झालं तसंच सांगा, मग ते कितीही लाजिरवाणं असो. आणि शहाळं घेऊन आलेल्या पाव्हण्याला नाव विचारा.

एक राहिलं. ऋतुराजची साक्ष झाली त्या दिवशी वडील पुढं गेल्यावर तो माघारी आला. माझ्या हनुवटीवरच्या व्रणाकडं बघत उभा राहिला.

"काका, जबडा दुखतो का?"

माझ्याकडं तीन उत्तरं तयार होती. पहिल्यात मी दातानं लोखंडी सळई वाकवत होतो. शेजारी सुमनचा हात पर्समध्ये गेला.

"थंडीत दुखतो," मी म्हटलं. "चावताना वाजतो थोडा."

त्यानं मान हलवली. मी आणखी काही बोललो नाही. सुमनचा हात पर्समधनं तसाच रिकामा बाहेर आला आणि माझ्या दंडावर येऊन थांबला.